सायकलचा नवा पार्ट घेताना आधी माप बघा, ब्रँड नंतर

सायकलला काही नवीन घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या कंपनीचं घेऊ? बेळगावच्या टिळकवाडीतली कॉलेजची पोरं असूदेत नाहीतर निपाणीत रिटायरमेंटनंतर सायकल धरलेले काका, सगळे हेच विचारतात. खरं तुमच्या सायकलला काय बसतंय ते कळल्याशिवाय ह्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. लांबून बघितलं तर सगळ्या सायकली सारख्याच, दोन चाकं, एक चेन, एक हँडल, आणि जवळ जाऊन माप घ्यायला लागलं की कळतंय की प्रत्येक जागेला दोन-तीन, काही जागी तर त्याहून कितीतरी जास्त वेगवेगळी मापं चालू आहेत. इंग्लंड, फ्रान्स, इटली, जपान, अमेरिका, ज्यानं त्यानं आपापलं माप काढलं आणि नवीन आलं म्हणून जुनं पूर्ण बंद झालं असं झालं नाही. त्यामुळं महागडा, अगदी ओरिजिनल पार्टसुद्धा तुमच्या सायकलला बसेलच असं नसतंय. ही मापं वाचायची कशी एवढं कळलं तरी बरेच पैसे आणि बरेच रविवार वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टायरपासून सुरू करू. टायरच्या कडेला बारीक अक्षरात २८-६२२ असा काहीतरी आकडा असतो. बरेच जण तिकडं बघतच नाहीत, मोठ्या अक्षरातलं ७०० × २८ किंवा २६ × १.९५ एवढं वाचून दुकानात जातात. पण कामाचा आकडा तो बारीकच. त्यातला पहिला म्हणजे फुगवल्यावर टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, आणि दुसरा म्हणजे रिमवर टायरची कड जिथं बसते तिथला व्यास. रुंदी थोडी इकडंतिकडं चालतीय, व्यासात एक मिलीमीटरची पण सूट नाही. आता गंमत बघा, २६ इंची म्हणून जे टायर मिळतात त्यात एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा ५५९ आणि जुन्या साध्या सायकलचा २६ × १⅜ वाला ५९०, म्हणजे नाव एकच आणि रिममध्ये ३१ मिलीमीटरचा फरक, दुकानात जाऊन नुसतं ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हटलं तर दुकानदार जो हाताला लागेल तो देणार. २७.५ म्हणजे ५८४. २९ इंची एमटीबी आणि रोड सायकलचं ७००सी, दोन्हीचा रिम ६२२च. आणि आपल्या घरोघरी असलेल्या काळ्या मोठ्या सायकलचा २८ × १½ टायर ज्या रिमवर बसतो तो ६३५, म्हणजे नावानं २८ असून रिम २९ पेक्षा मोठा. इंचाचा आकडा टायर फुगवल्यावर बाहेरून साधारण किती होतोय त्यावरून पडलेला, त्यामुळं त्याच्यावर रिमचं माप ठरवता येत नाही.

रुंदीबद्दल एवढंच बघायचं की फ्रेमला आणि ब्रेकला घासायला नको. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूला निदान चार-पाच मिलीमीटर मोकळी जागा पाहिजेच, आणि जांबोटीकडं किंवा राकसकोपच्या आतल्या रस्त्यांना पावसात जाणार असाल तर अजून जास्त ठेवा, कारण तिकडची तांबडी माती टायरला चिकटून फ्रेममध्ये अडकतीय आणि मग सगळा रंग खरवडून काढतीय. जागा असेल तर २५ वरून २८ किंवा ३२ वर जा असं मी प्रत्येकाला सांगतो. अरुंद आणि दगडासारखा फुगवलेला टायर गुळगुळीत रस्त्यावर चांगला, आपल्याकडं खडी वर आलेल्या रस्त्यावर तो नुसता उड्या मारतोय आणि पुढं जायला लागणारी ताकद तुम्हाला हादरवण्यात जातीय. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, रस्त्याचा खडबडीतपणा टायर स्वतःच गिळतोय. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये साधारण ७० ते ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतंय. टायरवर छापलेला मोठा आकडा म्हणजे जास्तीत जास्त मर्यादा आहे, एवढी भराच असं सांगणारा तो नाही. आणि रिम हुकलेस असेल, म्हणजे आतल्या कडेला टायर धरून ठेवणारा ओठ नसेल, तर ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही, आणि टायरवर पण हुकलेसला चालतो असं लिहिलेलं असलं पाहिजे. इथं चूक झाली तर टायर रिमवरून सुटतो, म्हणून हे गांभीर्यानं घ्या.

ट्यूब घेताना व्हॉल्व्ह बघा. मोटरसायकलसारखा जाड तो श्रेडर, बारीक लांब आणि टोकाला छोटा नट असलेला तो प्रेस्टा, आणि काळ्या सायकलचा रबरी नळीवाला तो डनलॉप. प्रेस्टाचं रिममधलं भोक साधारण साडेसहा मिलीमीटर, श्रेडरचं साडेआठ, त्यामुळं बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह जाणारच नाही. कणकुंबीच्या पुढं पंक्चर झालं आणि कुणी गाडीवाला पंप घेऊन थांबलाच तर त्याचा पंप प्रेस्टाला लागत नाही, म्हणून पितळेचा तो चिमुकला अ‍ॅडॉप्टर सीटखालच्या पिशवीत कायम असूदे, किरकोळ किमतीत मिळतोय.

आता चेन. ह्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच फुकट जातात. चेन ‘ताणते’ असं आपण म्हणतो, लोखंड काही ताणलेलं नसतंय, प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक ठिकाणी केसाएवढी फट पडते आणि शंभर-सव्वाशे कड्यांची मिळून चेन लांब होते. लांब झालेली चेन मागच्या दात्यांवर नीट बसत नाही, ती दात्यांना पण आपल्यासारखं झिजवते. म्हणून चेन वेळेवर बदलली तर कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा, वाचते, नाही बदलली तर चेन, कॅसेट, आणि अजून उशीर केला तर पुढची चेनरिंग (पायडलजवळची दात्यांची रिंग), सगळंच एकदम बदलायला लागतंय.

तपासायला कुठलंच महाग टूल लागत नाही, शाळेची इंच लिहिलेली स्टीलची पट्टी पुरे. नवीन चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर असतंय, त्यामुळं एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की ती पिन सोडून पुढच्या चोविसाव्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचावर यायला पाहिजे. तो १/१६ इंच पुढं गेला असेल तर झीज साधारण अर्धा टक्का झाली, ११ आणि १२ स्पीडवाल्यांनी (म्हणजे मागं तितक्या चकत्या असलेल्यांनी) तिथंच चेन बदलायची, १० पर्यंतच्या स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालतंय. १/८ इंच पुढं गेला असेल तर एक टक्का झाला, आता नुसती चेन बदलून भागणार नाही. चांगला मेस्त्री हे आधीच विचारतोय. “मामा, नऊ स्पीडची चेन हाय काय?” “हाय की, खरं आदी सायकल आण, कॅसेटचं दातं बघू दे.” हे असं म्हणणारा मेस्त्री भेटला तर त्याला सोडू नका. कारण झिजलेल्या कॅसेटवर नवीन चेन घातली की जोर लावल्यावर ती घसरतीय, दाण्णकन पाय खाली जातोय, आणि माणूस चेनच्या कंपनीला शिव्या देतोय.

कुठली चेन? तुमच्या मागं जितक्या चकत्या तितक्या स्पीडची. कडीची लांबी सगळ्या चेनमध्ये सारखीच, बाहेरची रुंदी बदलते, ८ स्पीडची साधारण ७.१ मिलीमीटर तर ११ ची साडेपाच. ११ च्या कॅसेटवर ८ ची चेन घातली तर शेजारच्या चकतीला घासतीय. जोडायची क्विकलिंक पण त्याच स्पीडची घ्या. आणि तेल. आपल्या खानापूर भागातली लाल धूळ तेलात मिसळली की तिचा खरवडणारा लेप तयार होतोय, म्हणून तेल बाहेरून चोपडायचं नाही, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकायचा, दहा मिनिटं पायडल उलटं फिरवत किंवा तसंच थांबायचं, आणि मग फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून काढायचं. पावसाळ्यात वेट ल्यूब, उन्हाळ्यात ड्राय ल्यूब किंवा वॅक्स. गाडीचं जळकं इंजिन ऑइल वापरू नका, त्यात आधीच धातूचा चुरा असतोय.

मागच्या चकत्यांचं एक फसवं प्रकरण आहे. फ्रीव्हील आणि कॅसेट बाहेरून अगदी सारखे दिसतात. फ्रीव्हीलमध्ये टकटक करणारी यंत्रणा चकत्यांच्याच आत असते आणि अख्खा गठ्ठा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबमध्ये असते, चकत्या खाचांवर सरकवून वरून लॉकरिंग लावलेली असते. ओळखायचं कसं, चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा आणि मध्ये टूल लावायच्या खाचा दिसतात तिकडं बघा. त्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर थांबल्या तर फ्रीव्हील. कमी किमतीच्या बऱ्याच ७ स्पीड सायकलींना फ्रीव्हील असतंय, आणि ऑनलाइन ‘७ स्पीड’ एवढंच बघून कॅसेट मागवली की ती बसत नाही. आठ, नऊ, दहा स्पीडच्या शिमानो कॅसेट एकाच प्रकारच्या हबवर बसतात, फक्त काही ठिकाणी पातळ वॉशर घालावा लागतोय. रोडच्या ११ स्पीडला हबची बॉडी १.८५ मिलीमीटर जास्त लांब लागते. एमटीबीच्या १२ स्पीडला शिमानोनं मायक्रो स्प्लाइन नावाची वेगळीच हबची बॉडी काढलीय आणि स्रॅम कंपनीची एक्सडी अजून वेगळी. म्हणजे नऊचं बारा करायची हौस आली तर चाकच बदलायची तयारी ठेवा.

आता आपल्या भागाचा खास मुद्दा, चढाचे गिअर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. त्यामुळं आपण चोर्ला घाट उतरा नाहीतर शिनोळी, पाटणे फाट्यावरून जाऊन आंबोलीचा घाट उतरा, पहिल्यांदा उतार मिळतो आणि परतताना, दमल्यावर, ऊन चढल्यावर, पाण्याची बाटली रिकामी झाल्यावर घाट चढायला लागतोय. कोकणातली माणसं ताज्या पायांनी घाट चढून वर येतात आणि उतरत घरी जातात, आपलं उलटं आहे. म्हणून गिअरचा सल्ला कुठल्यातरी परदेशी व्हिडिओतून उचलू नका, आपल्याला त्यांच्यापेक्षा हलका गिअर लागतो आणि तो लावण्यात काही कमीपणा नाही.

थोडा हिशेब करून बघू. पुढं ३४ दात्यांची रिंग, मागं मोठी चकती २८ ची, ७००सी चाक, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.५५ मीटर पुढं जाते. मागं ३४ ची चकती लावली तर २.१ मीटर. मिनिटाला ७० फेरे ह्या आरामशीर गतीनं पाय फिरवायचे असतील तर पहिल्यात ताशी १०.७ किलोमीटर वेग ठेवायला लागतोय, दुसऱ्यात ८.८ चालतोय. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो आणि चढ ८ टक्के धरला तर फक्त वर चढायला पहिल्याला साधारण १८७ वॅट लागतात, दुसऱ्याला १५४. हा तेहतीस वॅटचा फरक कागदावर लहान वाटतो, खरं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तो काढायचा म्हटलं की नोकरी सांभाळून फक्त रविवारी सायकल मारणाऱ्याला तो झेपत नाही, मग वेग आपोआप पडतो, फेरे सत्तरवरून साठच्या खाली येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेली माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतंय, कारण त्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं एका चकतीनं कमी झालं असतं. (सीटची उंची पण बघून घ्या, ती कमी असली तरी गुडघा पुढून दुखतोय.)

पण मोठी कॅसेट आणली आणि लावली एवढं सोपं नाही. मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, दोन मर्यादा असतात. एक, सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची चालते. दुसरी, एकूण चेन किती गोळा करता येते, तिला कपॅसिटी म्हणतात. ती काढायची पद्धत सोपी, पुढच्या दोन रिंगांमधला फरक अधिक मागच्या मोठ्या आणि लहान चकतीतला फरक. पुढं ५०-३४ म्हणजे १६, मागं ११-३४ म्हणजे २३, बेरीज ३९. तुमच्या डिरेलरची कपॅसिटी ३९ पेक्षा कमी असेल तर लांब पिंजऱ्याचा (खालच्या दोन छोट्या चाकांची पट्टी लांब असलेला) डिरेलर घ्या. डिरेलरच्या मागच्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो, तो नेटवर टाकला की कंपनीच्या कागदात दोन्ही आकडे मिळतात. कॅसेट मोठी केली की चेन पण लांब लागते हे विसरू नका, जुनीच चेन ठेवली आणि चुकून मोठ्या रिंगवर मोठी चकती पडली तर डिरेलर वाकून चाकात जाऊ शकतोय.

शिफ्टरचं, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याचं, पण एक सांगायला पाहिजे. शिफ्टरची एक टिकटिक झाली की तो ठराविक मिलीमीटर केबल ओढतो, आणि डिरेलर तेवढ्या केबलला ठराविक अंतर सरकतो. हे दोन्ही जुळले तरच गिअर चकतीवर बरोबर पडतो. नऊपर्यंत शिमानोचे रोड आणि एमटीबी डिरेलर एकमेकांत चालायचे, दहा स्पीडपासून एमटीबीचं गणित वेगळं झालं. आणि शिमानोची टियाग्रा ४७०० ही मालिका दहाची असूनसुद्धा केबलच्या बाबतीत ११ स्पीडच्या घरात मोडते, त्यामुळं जुन्या दहाच्या शिफ्टरबरोबर तिचा डिरेलर चालत नाही. म्हणून शिफ्टर आणि डिरेलर घेताना ‘दहा आहे ना मग झालं’ असं करू नका, मॉडेल नंबर लावून बघा.

ब्रेकबद्दल, पावसात कणकुंबीकडं जाणाऱ्यांनी नीट वाचा. डिस्क ब्रेकचे पॅड दोन मुख्य प्रकारचे, रेझिन आणि मेटल. रेझिन शांत, पहिल्या दाबाला पकडतात, खरं पाणी आणि माती मिळाली की फार लवकर उडतात, एखाद्या मोठ्या पावसाळी राइडमध्ये नवे पॅड पातळ होऊ शकतात. मेटल जास्त टिकतात, थोडा आवाज करतात. मग सगळ्यांनी मेटलच लावावेत का, तर आधी रोटरवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर, बघा, शिमानोच्या स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतंय, त्यावर मेटल पॅड लावले तर रोटर खरवडून जातोय. रोटर बसवायच्या पण दोन पद्धती, सहा बोल्ट आणि सेंटरलॉक (मध्ये एकच लॉकरिंग), हब बघूनच घ्या.

हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल हा विषय अजिबात हलक्यात घेऊ नका. शिमानो, टेक्ट्रो, मगुरा ह्यांच्यात मिनरल ऑइल असतंय, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड, आपल्या कार-मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये असतंय त्या जातीचं. एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचं घातलं की आतले रबरी सील फुगतात नाहीतर खराब होतात, ब्रेक जातो. गॅरेजमध्ये डॉट सहज मिळतंय म्हणून कुणी प्रेमानं भरून देत असला तरी आधी लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. रिम ब्रेकवाल्यांनी पॅडमध्ये रुतलेले खडीचे कण पिननं काढत जावं, नाहीतर ते रिम कातरतात, आणि रिमच्या बाजूला असलेली बारीक खाच दिसेनाशी झाली असेल तर रिम बदलायची वेळ आली. लिव्हर बदलणार असाल तर व्ही-ब्रेकला (चाकाच्या दोन बाजूला दोन उभे हात असलेला) जास्त केबल ओढणारी लिव्हर लागते, कॅलिपरला (टायरच्या वर एकाच बोल्टवर बसणारा) कमी ओढणारी, अदलाबदल केली तर ब्रेक एकतर लागतच नाही नाहीतर लाकडासारखा कडक लागतोय.

आटे उलटे असतात ते दोन ठिकाणी. डाव्या पायडलचे, आणि इंग्लिश आट्याच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलचे दांडे (क्रँक) ज्यावर फिरतात त्या मधल्या बेअरिंगमध्ये, उजव्या बाजूचे. जोर लावून चुकीकडं फिरवलं की अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक वाया. बॉटम ब्रॅकेट मागवताना फ्रेमच्या त्या नळीची रुंदी मोजा, इंग्लिशमध्ये ती ६८ किंवा ७३ मिलीमीटर असते, आणि नळीत आटे आहेत का प्रेसनं बसवलंय ते बघा. आपल्याला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीचा एक मोठा फायदा आहे, लेथवर स्पेसर, बुश, अडकलेला बोल्ट काढणं, असली कामं तिथं उत्तम होतात. पण डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वेल्डिंग करून आणू नका, तो मुद्दाम मऊ बनवलेला असतो, पडल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. तुमच्या फ्रेमचाच हँगर शोधा आणि एक जास्तीचा घेऊन ठेवा, गोव्याच्या बाजूला मोडला तर तिथं मिळणार नाही. आणि कार्बनच्या सीटपोस्टला, हँडलला बोल्ट आवळताना टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) वापरा, बहुतेक ठिकाणी ४ ते ६ न्यूटन मीटर लिहिलेलं असतंय, हाताच्या अंदाजावर कार्बनला तडा जातो आणि तो बाहेरून दिसत नाही.

अंगाला लागणाऱ्या वस्तू. लोक डिरेलरवर हजारो घालतात आणि चड्डी साधी घालून शंभर किलोमीटर जातात, मला हे पटत नाही. पॅडवाली शॉर्ट आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, आतली शिवण घामात मांडीला घासते आणि जखम होते ती त्यानंच. पॅड जाड म्हणजे चांगला असं नाही, फार जाड आणि मऊ पॅड खाली गोळा होतो, घट्ट दाट फोमचा पातळ पॅड लांबच्या राइडला बरा. शॉर्ट प्रत्येक वेळी धुतलीच पाहिजे. सीट घेताना पण मऊपणा बघू नका, रुंदी बघा. खोक्याचा पन्हाळीवाला पुठ्ठा पायरीवर ठेवून थोडं पुढं वाकून त्यावर बसा, दोन खळगे पडतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, त्यात दोन-तीन सेंटीमीटर मिळवा, साधारण तेवढ्या रुंदीची सीट. पायडलमध्ये अडकणारे बूट घेताना क्लीटच्या, म्हणजे तळव्याखालच्या अडकणाऱ्या तुकड्याच्या, भोकांची संख्या बघा, दोन बोल्टचे एसपीडी आणि तीन बोल्टचे एसपीडी-एसएल, पायडल त्याच जातीचं लागतंय. घाटात फोटोला, चहाला उतरणार असाल तर दोन बोल्टवाले घ्या, चालता येतंय.

हेल्मेटला इएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) हे सुरक्षेचं मानक लिहिलेलं असलं पाहिजे. आयएस ४१५१ हे भारतीय मानक मोटारसायकलच्या हेल्मेटचं आहे, सायकलला ते शोधू नका. भुवईच्या वर दोन बोटं बसावं, मान हलवली की हलू नये. आतला फोम एकदा दाबला गेला की परत पूर्ववत होत नाही, म्हणून डोकं आपटल्यावर हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला, आणि दुसऱ्याचं जुनं हेल्मेट कधीच विकत घेऊ नका. जॅकेटचं म्हणाल तर आपल्या जून-जुलैच्या पावसात कुठलंच जॅकेट चढावर आतून कोरडं ठेवत नाही, घामानं भिजायचंच, त्यापेक्षा पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा, मागच्याच्या तोंडावर पण चिखल उडत नाही. लाइट घेताना आयपीएक्सचा, म्हणजे किती पाणी सोसतो त्याचा, आकडा बघा, ४ म्हणजे चारीबाजूनं उडालेलं पाणी सोसतो, ६ म्हणजे जोराचा फवारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. वंटमुरीच्या घाटात नाहीतर तवंदीला हायवेवर जाणाऱ्यांनी मागचा लाल लाइट दिवसा पण चालू ठेवावा, ट्रकवाल्याला लांबून दिसला पाहिजे.

वजनाबद्दल फार चर्चा असते म्हणून एक आकडा सांगतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, आणि महागडी चाकं घालून अर्धा किलो कमी केलं, तर तासाभराच्या चढात साधारण बावीस सेकंद वाचतात. रेस खेळणाऱ्याला बावीस सेकंद मोठे आहेत, त्यानं जरूर घालावेत पैसे. बाकीच्यांनी तेच पैसे आधी हेल्मेट, चांगले टायर, शॉर्ट आणि मोठ्या कॅसेटला लावावेत, उरले तर बाकीचं.

घ्यायचं कुठं? निपाणी, संकेश्वरवाल्यांना कोल्हापूर जवळ पडतं, बेळगावचे लोक हुबळीला नाहीतर ऑनलाइन बघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सायकलच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, आणि तो महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखाच आहे, त्यामुळं ‘तिकडं टॅक्स कमी’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, आणि बिल घ्याच, बिलाशिवाय वॉरंटी मिळत नाही. शिमानोच्या नावानं नकली चेन, कॅसेट, पॅड ऑनलाइन भरपूर फिरतात, भाव बाकीच्यांपेक्षा निम्मा दिसला की संशय घ्या. मेस्त्रीकडं बाहेरून आणलेला पार्ट बसवायला नेला तर मजुरी जास्त सांगितली म्हणून तोंड वाकडं करू नका, त्याचं दुकान चाललं तरच पुढच्या वेळी ब्रेकचं तेल कुठलं हे सांगणारा कुणी गावात राहील. जायच्या आधी मोबाइलमध्ये चार फोटो काढून न्या, टायरच्या बारीक आकड्याचा, डिरेलरच्या मागच्या नंबरचा, मागच्या हबचा आणि ब्रेक लिव्हरचा. आणि ऑनलाइन आलेला पार्ट बसवायच्या आधी जुन्या पार्टशेजारी ठेवून मापं लावून बघा, पार्टचं पाकीट नीट जपून ठेवा, कारण एकदा ग्रीस लागलं, बोल्ट आवळल्याचा व्रण पडला की बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत.